दहा हजार नऊचा ताळा

पुंजारामचं आन इंद्रायणीचं लगीन लागलं शहान्नव साली, आन पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की आपला नवरा घरात निजत न्हाई.

तसं त्यात कोनाला काही वाटत नव्हतं. मेंढरावाला गडी वाड्यावरच निजतो. कालव्याच्या कडंला, ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, भवताली जाळी लावायची आन पाच-सहा गड्यांनी मिळून राखन करायची. पन बाकीचे गडी पाळीपाळीनं घरी यायचे. पुंजाराम उंबऱ्यापरेंत यायचा, अंगनात बसून भाकर खायचा आन अंगनातूनच माघारी जायचा. पाऊस लागला तर बाभळीखाली ताडपत्री पांघरून बसायचा. ताडपत्री म्हंजी छप्पर न्हाई, असं त्याचं म्हननं व्हतं.

गोष्ट अशी झाल्ती. एकोननव्वद साली तो आठवीत व्हता. मेंढरं वळून शाळेत येनारा वर्गात तो एकलाच. आबाराव मास्तर गनित शिकवायचे. एक दिवस मास्तरनं फळ्यावर वजाबाकी चुकवली, आन यानं जाग्यावरून सांगितलं की सर, हातचा राह्यला. नेमके त्या दिवशी तालुक्याचे साहेब मागच्या बाकावर बसलेले. साहेब हासले. मास्तरबी हासले. साहेबाची जीप गेल्यावर मास्तरनं फळा पुसला आन एकच आकडा लिव्हला, ९९,९९,९९१. म्हनले, लई हुशार ना तू, मंग याला भाग देऊन दाखव. एकाचा न्हाई चालायचा, त्याचा त्यालाच न्हाई चालायचा, मधला कोनताबी हुडक, ज्यानं भागलं की बाकी शून्य उरंल. सापडला की शाळेत ये. बिगर सापडता आलास तर तंगडी मोडीन.

वर्ग खिदळला. पोरगं दप्तर घेऊन घरी गेलं. महिना झाला, दोन झाले, भाग सापडंना. चवदा वरसाचं डोकं, तापलेलं. सरळ बिरोबाच्या देवळात गेला आन भंडारा उचलून बोलला की ह्या आकड्याचा भाग सापडत न्हाई तवर छपराखाली निजनार न्हाई. त्यांच्यात भंडारा उचलून बोललेलं माघारी घेता येत न्हाई. कबूल केलेला बोकड मेला तर देव दुसरा बोकड चालवून घेतो, शब्दाला बदली न्हाई. आन ते बोलनं मायलाबी सांगायचं नसतं. बायकोला सांगितलं तर चालतं, कारन बायको म्हंजी आपलंच अर्धं आंग.

मंग वह्या सुरू झाल्या. दुपारी मेंढरं बसली की दिसाला एक भागाकार. दोनानं, तिनानं, पाचानं जात न्हाई हे पहिल्याच दिवशी झालं, म्हून ते पाढे सोडले. बाकीचे आकडे एकामागं एक. सात, अकरा, तेरा, सतरा. इंद्रायणी घरात आली तवा तो पाच हजाराच्या पुढं गेल्ता.

इंद्रायणी तीर्थपुरीकडची. तिची शाळा सातवीत सुटली, कारन शिकवनाऱ्या बाईनं तिला भर वर्गात मेंढी म्हनलं आन हिनं पाटी फेकून मारली. बाईच्या कपाळाला तीन टाके पडले. लोकांचा राग नाकावर असतो, हिचा हातात असायचा. पन तोंडी हिशेबाला तिच्यापुढं कोनी टिकत नव्हतं. पावकी, निमकी, दिडकी तिच्या आज्यानं तिला मेंढरामागं चालता चालता पाठ करून दिल्ती.

पुंजारामनं आकड्याचं आन भंडाऱ्याचं सांगितलं तवा तिला आधी वाटलं, हे कुलूप हाय, चावी कुठंतरी पडलेली असनार. दोघं मिळून हुडकू. रोज दुपारी ती भाकर घेऊन वाड्यावर जायची. पुंजाराम भागाकार करून ठेवायचा, ती ताळा करायची. भाजकानं उत्तराला गुनायचं, बाकी मिळवायची, आन नव्व्यान्नव लाख नव्व्यान्नव हजार नऊशे एक्क्यान्नव आले की वहीच्या कोपऱ्यात फुली मारायची. चुकला तर ती तोंडावर सांगायची आन तो परत करायचा. एक घास भाकरीचा, एक ओळ ताळ्याची. असे चार वरसांत हजाराच्या वर ताळे झाले. बाकीचे गडी हासायचे, म्हनायचे आमच्या बायका कालवन आनतात, याची बायको गुनाकार आनती.

हिकडं घरात सासू गोजरबाई दिस मोजून राह्यली व्हती. ल्योक उंबरा वलांडत न्हाई हे तिला दिसत व्हतं, पन सून रोज वाड्यावर जाती म्हंजी नवरा-बायकोचं तिथंच व्हत असंल, असं ती धरून चालली व्हती. पहिलं वरीस काही बोलली न्हाई. दुसऱ्या वर्षी भगताकडं नेलं. तिसऱ्या वर्षी लोकांच्या बारशाला हिला मागं उभं करायला लागली. चौथ्या वर्षी तिनं साफ सांगून टाकलं की वडीगोद्रीला भावाची पोरगी बघून ठेवली हाय, आखाजीपरेंत, अक्षय तृतीयेच्या सनापरेंत, तुझी कूस उजवली न्हाई तर तुझं गाठोडं तुझ्या मायच्या दारात. इंद्रायणीच्या हातात तवा परात व्हती. परात तिनं हळूच खाली ठेवली. तुमचा ल्योक माझ्याजवळ निजत न्हाई, एवढं एकच वाक्य व्हतं, आन त्यामागचं भंडाऱ्याचं बोलनं उघडं पडंल म्हून तेच सांगायची तिला बंदी व्हती.

त्याच आठवड्यात ती शाळेत गेली. आबाराव मास्तर हाफिसात पेपर तपासून राह्यले व्हते. पोट सुटलेलं, केस काळे केलेले. तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं, साल सांगितलं.

"कोण पुंजाराम?" मास्तर म्हनले.

मेंढरावाल्याचा, आठवीतला, म्हनून तिनं वळख पटवायचा लई प्रयत्न केला. मास्तरला पोरगं काही आठवंना. तिनं आकडा सांगितला तवा मात्र चेहरा उजळला. आकडा त्यांच्या आवडीचा व्हता. दर वर्षी एकाला तरी देतो म्हनले, वर्गात ज्याची जीभ लांब असंल त्याला. महिनाभर कारटं गप बसतं.

"त्याला भागच नाही, बाई. म्हणून तर देतो."

इंद्रायणीला आधी कळलंच न्हाई. मंग मास्तरनं मोठ्या कौतुकानं समजावून सांगितलं. काही आकडे असेच असतात, एकलकोंडे, कोनाच्या पाढ्यात बसत न्हाईत. आन ते तपासायला फार पुढं जावं लागत न्हाई. भाग कवाबी जोडीनं येतात. भाजक मोठा असला तर उत्तर लहान येतं, आन ते लहान उत्तरबी त्या आकड्याचा भागच असतो. दोघंबी थोरले असू शकत न्हाईत, गुनाकार आकड्याच्या बाहेर जाईल. तीन हजार एकशे त्रेसष्टला त्यानंच गुनलं की आकडा वलांडतो, म्हून तीन हजार एकशे बासष्टपरेंत बघायचं. तिथवर न्हाई सापडला तर कुठंच न्हाई.

हिला ते एका दमात कळलं. आन हेबी कळलं, की पुंजारामनं तीन हजार एकशे बासष्ट ओलांडलं त्याला सात-आठ वरसं झाली. लग्नाच्या आधीच काम संपलं व्हतं. त्यानंतरचं सगळं, तिचे हजार ताळे धरून, वाऱ्याची मोट.

ती म्हनली, सर, एवढंच त्यांना येऊन सांगा, वाडा अर्ध्या कोसावर हाय. मास्तर म्हनले त्याला शाळेत पाठव. ती म्हनली, भाग सापडल्याबिगर शाळेत यायचं न्हाई हे तुमीच सांगितलेलं हाय, ते न्हाई येनार. मास्तरनं पेपर पुढं वढला. आता मी काय मेंढरांच्या लेंड्या तुडवत येऊ का, असं हासून बोलले आन लाल पेन उचललं. टेबलावर लाकडी डस्टर व्हतं. इंद्रायणीचा हात त्याच्यापरेंत गेल्ता. पन नवऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर ह्या मानसाच्या तोंडात व्हतं, आन फुटलेल्या तोंडातून काय निघनार. हात माघारी घेऊन ती आली.

तिनं पुंजारामला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आन विचारलं की भांडून आलीस का. ती म्हनली न्हाई. त्यानं बिलकुल इश्वास ठेवला न्हाई. त्याचं म्हननं, मास्तर मारतील, शिव्या देतील, पन बिनउत्तराचं गनित कशाला देतील. तिनं जोडी समजावून सांगायला घेतली. त्यानं वही पुढं धरली. डावीकडं भाजक असतो, उजवीकडं उत्तर. परीक्षा डाव्याची चालू हाय, उजव्याकडं कशाला बघायचं? आन मास्तरनंच शिकवलेलं हाय की निम्म्याच्या पुढं भाग नसतो. म्हंजी निम्म्यापरेंत बघायचं.

इंद्रायणीनं उभ्या उभ्या हिशेब केला. निम्मं म्हंजी पन्नास लाख. दिसाला एक धरला तर साडेतीन हजार वरसं लागतील. तिनं तसं सांगितलं.

पुंजारामनं शिसपेन्सिल कानाला लावली, जरा विचार केला. "मंग दिसाला दोन करावं लागतील," म्हनला.

चैताच्या एका दुपारी ती भाकर घेऊन गेली तर तो कालव्याच्या भरावावर अनवानी उभा. ऊन मरनाचं. त्यानं वही तेवढी पुढं केली. डावीकडं दहा हजार नऊ. उजवीकडं उत्तर नऊशे नव्व्यान्नव. खाली बाकी शून्य.

"ताळा कर," म्हनला.

ती बसली. ताळा करायला तिला कागद लागलाच न्हाई. दहा हजार नऊची हजार पट म्हंजी एक कोटी नऊ हजार. त्यातून एक पट वजा, दहा हजार नऊ. राह्यले नव्व्यान्नव लाख अठ्ठ्यान्नव हजार नऊशे एक्क्यान्नव. हजार कमी. तिची नजर ओळीवरून खाली उतरली, आन चूक तिथंच बसलेली दिसली. दुसऱ्या वजाबाकीत नऊ हजार एकशे आठ यायला पाहिजे व्हते, यानं नऊ हजार आठ लिव्हले. अकरा वरसांपूर्वी भर वर्गात मास्तरला हातचा दाखवनारं पोरगं, एका एक्क्याच्या जागी शून्य लिव्हून बसलं व्हतं.

तिनं वर बघितलं. त्याच्या टाचा फुटून चिरा पडल्या व्हत्या. आखाजीला महिना राह्यला व्हता. खरं तिनं एकदा सांगून बघितलं व्हतं.

"बराबर हाय," ती म्हनली, आन कोपऱ्यात फुली मारली.

पुंजाराम कालव्यात उतरला, कपड्यानिशी, आन डोकं बुडवून बाहेर आला. बिरोबाला नारळ फोडला. दिवस मावळायच्या आत घराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राह्यला, आन मंग उजवा पाय आत टाकला. गोजरबाई चुलीपुढून उठून बघतच राह्यली.

सुरुवातीला त्याला नीज येईना. पत्र्याकडं बघत पडायचा. म्हनायचा आभाळ खाली आल्यावानी वाटतं. चौथ्या दिवशी त्यानं भिंतीत काठी टांगायला खिळा ठोकला. आठव्या दिवशी म्हनला ह्या भिंतीला खिडकी पाडू. बोलायला लागला गडी. हासायला लागला. मेंढराच्या बाजारात जायचं, दोन एकर बटाईनं करायचं, असं काय काय. गोजरबाईनं सुनंच्या ताटात आपल्या हातानं तूप वाढलं. इंद्रायणी ते खाताना खाली मान घालून खायची. वीस-बावीस दिवस असे गेले. तिला वाटायला लागलं की खोटंबी रोज वापरलं तर खऱ्यासारखं मऊ पडतं.

मास्तरकडं जायची घाई त्यानं केली तवा मास्तर सुट्टी काढून बाहेरगावी गेलेत म्हनून तिनं ठोकून दिलं. पन एप्रिल सरताना गावातून सांगावा फिरला. आबाराव मास्तर रिटायर होऊन राह्यले, शाळेत निरोपाचा कार्यक्रम हाय, जुन्या पोरांनी यावं. त्या दिवशी पुंजारामनं धुतलेलं धोतर नेसलं. बापाच्या हातची, घरच्या लोकरीची काळी घोंगडी पेटीतून काढली. मास्तरच्या खांद्यावर घालायची म्हनला. वही घोंगडीत गुंडाळली.

इंद्रायणीबी निघाली. वाटंत तीनदा तिनं तोंड उघडलं. एकदा म्हनली ऊन लई हाय. एकदा म्हनली मास्तर वळखनार न्हाईत. तिसऱ्यांदा, शाळेच्या फाटकापाशी, तिनं त्याचा हात धरला. तो म्हनला, "अगं लाजतीस काय, चल. निम्मं तर तुझंच हाय."

मंडपात पोरं, गावातले लोक, खुर्चीवर तालुक्याचे साहेब. हारतुरे झाले तसा पुंजाराम सरळ वर चढला. मास्तरच्या खांद्यावर घोंगडी घातली. पाया पडला आन वही हातात दिली. म्हनला, सर, एकोननव्वदला आकडा दिल्ता. भाग सापडला.

मास्तरनं वही बघितली. साहेबाकडं बघितलं. मंग त्यांच्या तोंडावर वर्गातलं हासू आलं. पाचवीतल्या एका पोरीला त्यांनी वर बोलावलं आन माईकवर इचारलं की बाळ, नऊशे नव्व्याण्णवला तीननं भाग जातो का? पोरगी म्हनली जातो. मंग ह्या मोठ्या संख्येला जातो का, अंकांची बेरीज करून सांग. पोरीनं बोटावर मोजलं. सहा नव्वे चोपन्न आन एक पंचावन्न. न्हाई जात, म्हनली.

"मग ह्या संख्येत नऊशे नव्व्याण्णव बसतातच कसे?" मास्तर म्हनले.

मंडप फुटला. पोरं बाकड्यावर थापा मारायला लागली. साहेबबी तोंडावर रुमाल धरून हासले. पुंजाराम तसाच उभा. तिनाचा भाग त्यानं पहिल्याच दिवशी काढून टाकल्ता. पन उजवीकडच्या आकड्याकडं त्यानं अकरा वरसांत कवाच बघितलं नव्हतं. तो माईकजवळ तोंड नेऊन म्हनला, पन सर, ताळा बराबर हाय, मपल्या बायकोनं केला. आन त्यानं मंडपात इंद्रायणीला हुडकलं.

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. मास्तरनं इचारलं, "बाई, तुम्ही केला ताळा?"

खोटं बोलून आता भागनार नव्हतं. इंद्रायणी उठली. हजार कमी आल्ते, म्हनली. तवाच दिसलं व्हतं. लोक परत हासले. तिचं डोकं सनकलं आन ती मोठ्यानं बोलली.

"त्याला भागच न्हाई. मास्तरनं सोता मला सांगितलं. आता सगळ्यापुढं सांगा की सर."

साहेब मास्तरकडंच बघून राह्यले व्हते. अकरा वरसं एका पोराला बिनउत्तराचं गनित देऊन शाळेबाहेर ठेवलं, हे निरोपाच्या दिवशी कोन कबूल करील. त्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली आन लई मायेनं बोलले.

"बाई, असं कुठं असतं का? गणित आहे म्हणजे उत्तर आहेच. शोधणाऱ्यात खोट असते."

पुंजारामनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. एकीकडं मास्तर. दुसरीकडं बायको, जिनं आत्ताच, सगळ्यांपुढं, आपन खोटं बोललो म्हनून कबूल केल्तं. कोनाचं खरं धरायचं ह्याला येळच लागला न्हाई.

"मंग सर, पहिल्यापसून करू?"

"कर. सावकाश कर," मास्तर म्हनले, आन टाळ्या त्यांनीच सुरू केल्या.

परत येताना पुंजाराम पुढं चालून राह्यला व्हता, ती मागं. तो काही बोलला असता, काठी उगारली असती, तर तिलाबी बोलता आलं असतं. कालव्याच्या पुलावर तो थांबला. मागं न बघता म्हनला की तुझे सगळे ताळे आता धरता येत न्हाईत. तिनं सांगितलं की एकच खोटा केला, बाकीचे सगळे खरे हायत, बिरोबाची शपथ. तो म्हनला तेबी तूच सांगतीस.

घरी येऊन त्यानं भिंतीतली काठी काढली. उचललेला भंडारा मोडून बावीस दिस छपराखाली निजलो, असं तो अंगनातूनच मायला म्हनला. गोजरबाईला पहिल्यांदाच ते बोलनं कळलं. तिनं डोक्याला हात लावला. पोरावर न्हाई चिडली. सुनंकडं बघून म्हनली, देवाच्या शब्दात हात घातलास व्हय. आन वडीगोद्रीला निरोप धाडायला शेजारच्या गड्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर इंद्रायणीनं आपली वाकळ डोक्यावर घेतली आन वाड्यावर गेली. छपराखाली न्हाई तर न्हाई, उघड्यावर निजू, पाच गडी बघतील तर बघू द्या, असं ठरवूनच ती निघाल्ती. पुंजाराम नव्या वहीपुढं बसला व्हता. तिला येताना बघून त्यानं वही मिटली. उठला. जाळी सोडली, आपली मेंढरं येगळी काढली आन पुलावरून पलीकडच्या रानात हाकलून नेली. सगळी गेल्यावर पुलाच्या तोंडावर त्यानं जाळी आडवी बांधली, दोन्ही खुट्ट्याला पक्क्या गाठी मारून.

ती अलीकडं उभी राह्यली. वाकळ जड झाली तशी तिनं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. पलीकडं तो बाभळीला टेकून बसला आन वही उघडली.